ऊटा आयता?

“हे असलं नको गं पाठवू.” कौशल्याने फोन संयोगिताच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर होतं : ‘ताई, आजची गोळी घेतलीत ना? आम्ही तुमच्यासोबत आहोत.’

कानडी मुलखातल्या या शहरात, शिवाजीनगरातल्या एका लहानशा खोलीत एचआयव्ही असलेल्यांना आधार देण्याचं नवं काम सुरू व्हायचं होतं. ते आखायला संयोगिता पुण्याहून आली होती. वाक्य तिनेच मोठ्या मायेने लिहिलं होतं.

“काय चुकलं, ताई?”

“माझा फोन स्वयंपाकघरात पडलेला असतो. माझ्या आधी सासूबाई वाचतात. घरात कुणाला ठाऊक नाही. कळलं तर माझं ताट वेगळं होईल.”

संयोगिताने वाक्य पुसलं. “मग काय विचारू?”

“ऊटा आयता? म्हणजे, जेवण झालं का. इथे कानडीत सगळे एकमेकांना हेच विचारतात. गोळी घेतली की मी ‘आयतु’ लिहीन. झालं म्हणून.”

“आणि राहिली तर?”

“तर ‘इल्ला’. नाही.”

“इल्ला आलं तर मी लगेच फोन करणार हं.”

“सरी, चालेल,” कौशल्या हसली.

त्या संध्याकाळी चामराजपेटच्या घरात कौशल्या भाकऱ्या थापत होती. गोळी कधीच घेऊन झाली होती. फोन किणकिणला. सासूबाईंनी, जमनाबाईंनी, तो उचलून चष्मा चढवला.

“कोण गं ही संयोगिता? जेवलीस का विचारतेय.”

“मैत्रीण आहे, आत्या. माझे हात पिठाचे आहेत. आयतु म्हणून लिहा.”

“न जेवता आयतु? खोटं कशाला?” जमनाबाईंनी एकेक अक्षर दाबत लिहिलं, इल्ला. आणि पाठवूनही दिलं.

कौशल्याने हात धुवायच्या आत फोन वाजला आणि जमनाबाईंनीच तो कानाला लावला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून त्याचा आवाज मोठाच ठेवलेला असे.

“ताई, इल्ला का? काय झालं? मी येऊ का तिकडे?”

तव्यावरच्या भाकरीला करपल्याचा वास सुटला. कौशल्या उलथनं धरून नुसती उभी राहिली.

जमनाबाई म्हणाल्या, “मी तिची सासू बोलतेय. ती जेवली नाही, एवढ्यासाठी फोन केलास?”

“हो, आजी. एवढ्यासाठीच.”

जमनाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. सुनेकडे पाठ केली. आवाज अगदी खाली आणला.

“मीपण जेवले नाही अजून. मलापण विचारत जा गं.”