दोघांचं जाळं

गोमातात्याचं जाळं आज निम्मंच भरलं होतं, तोच त्याचं तोंड आपोआप उघडलं आणि उरलेले बांगडे खुशाल निघून गेले. घरातल्या माणसांपुरती मासळी आली की बंदरातलं प्रत्येक जाळं असंच सुटायचं. त्यामुळे आटलेला समुद्र पुन्हा भरला होता आणि कुणी उपाशी राहत नव्हतं. तात्याचं जाळं मात्र आजवर दोघांपुरतं धरत आलं होतं. मोरेश्वर भांडून निघून गेला, तरी लेकाचा वाटा तात्या बांबूच्या वलांडीवर वेगळा सुकवायचा.

किनाऱ्याला लागताच तो मच्छीमार सोसायटीत गेला. "सुभद्रा, माझं जाळं बिघडलंय."

जाळ्यांच्या नोंदी ठेवणारी सुभद्रा संगणकाच्या पडद्याकडे पाहून म्हणाली, "जाळं ठीक आहे, तात्या. मोरेश्वरने आपला वाटा हर्णैला नेलाय. तिथे आता तीन माणसांचं घर आहे."

"तीन?"

"तो, बायको आणि मुलगी. मुलीचं बारसं परवाच झालं."

"बरं झालं," तात्या म्हणाला.

घरी येऊन त्याने वलांडीवरचे सुके बांगडे उतरवले, कागदात नीट बांधले आणि पुडक्यावर नाव घालायला बसला. नातीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.