देव न मानणारी सून

“तू देव मानते का नाही, एवढंच सांग. हो का नाही?”

उत्तमसिंगनं देवळाच्या पायरीवरून विचारलं आणि सगळा तांडा रंजिताकडे पाहू लागला. उत्तमसिंग तांड्याचा नायक. देवीच्या देवळाची किल्ली त्याच्याच हाती. नात्यानं तो रंजिताचा चुलतसासरा.

‘हो’ म्हणावं तर ते धडधडीत खोटं. नेरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी ही सून देव मानत नाही, हे बोरी अरबच्या बाजारातसुद्धा ठाऊक होतं. ‘नाही’ म्हणावं तर महिनाभराचं भांडण इथंच हरल्यात जमा. बायांनाही गाभाऱ्यात जाऊ द्या, असं तिनं ग्रामसभेत उभं राहून म्हटलं होतं. बाप्ये आत जाऊन पूजा करत आणि बाया पायरीखालून हात जोडत, अशी इथली रीत. ती कोणी घातली, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

त्या दिवसापासून तांड्यातल्या बाया तिला पाहून वाट बदलायच्या. नवरा, इंद्रजीत, तिच्या बाजूनं होता. पण सासू, जमनी, मोठी भाविक. देवीला हात जोडल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नसे. “देवाचं तुले काही नाही, मंग माह्या देवीच्या वाट्याले कायले जाते?” एवढं बोलून तिनं सुनेशी अबोला धरला होता. त्यात नायकानं निरोप धाडला होता की सुनेला आवरा, नाहीतर तुमच्या घरच्या कार्याला तांडा येणार नाही. आणि घरात नणंदेचं, जयाचं, लग्न तोंडावर आलेलं.

“नाही मानत, काकाजी,” रंजिता म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पार मागच्यालाही तो ऐकू गेला.

बाप्ये हसले. उत्तमसिंगनं हात पसरले.

“ऐकलं? देव मानत नाही, अन् गाभारा पाह्यजे! काहून पाह्यजे वं तुले गाभारा?”

“मले नाही पाह्यजे. माह्यं आत काही काम नाही. पण ज्या मानतात त्यायले तुम्ही बाई म्हणून अडवून राह्यले. देव मी मानत नाही, खरं हाये. पण बाई बाप्यापेक्षा कमी, हे तर मी त्याहून मानत नाही.”

हसणं थांबलं. उत्तमसिंग मात्र कच्चा गडी नव्हता. तो कडुलिंबाखाली बसलेल्या बायांकडे वळला.

“मंग तुमीच सांगा वं. कोणाले जायाचं हाये आत? जायाचं असंन तिनं उभं राहा.”

बाया कापूस वेचायला निघालेल्या, कमरेला ओट्या बांधलेल्या. एकीनंही मान वर केली नाही. रंजितानं एकेकीकडे पाहिलं. ती घाबरली नाही. पण आपण एकट्या पडलो, हे तिला कळून चुकलं.

“झालं तर मंग,” उत्तमसिंग म्हणाला.

तेवढ्यात जमनी उठली. आता ही सगळ्यांसमोर आपल्याला बोलणार किंवा तरातरा घरी निघून जाणार, असं रंजिताला वाटलं. जमनी तिच्याजवळून गेली, तिच्याकडे न पाहता. देवळापाशी तिनं चपला काढल्या आणि पायरी चढली.

“भोजाई? तू?”

“सरक.”

“सुनेनं शिकवलं वाटते तुले.”

“हो, शिकवलं. घरचं लगन मोडाची वेळ आली, तरी ही पोरगी एवढ्या लोकायत खोटं नाही बोलली.” जमनी थांबली नाही. “मी देवीची भक्त म्हणवते, अन् जलमभर तिच्याच दारात खोटं बोलली. कोणी विचारलं तर म्हणायची, मले नाही वाटत बा आत जावं. वाटत होतं रे. रोज वाटत होतं.”

उत्तमसिंगनं दाराची चौकट धरून ठेवली होती. आई गेल्यावर याच भावजयीनं त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. तिला हात लावून अडवणं त्याच्यानं झालं नाही. तो बाजूला झाला.

जमनी आत गेली. आभाळ कोसळलं नाही, कोणाच्या अंगात आलं नाही. आतली घंटा एकदा वाजली, तेवढंच. कडुलिंबाखाली बसलेल्यांतली बबिता उठून उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग एकदम पाच-सहा जणी.

जमनी उंबऱ्यात आली, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि पदराला कोळ्याचं जाळं चिकटलं होतं. तिनं डोळे पुसले. जाळं पाहिलं. आणि तिचा चेहरा बदलला. कोणाच्या तरी पसारा पडलेल्या स्वयंपाकघरात पाय पडावा, तसा.

“जाळेच जाळे हायेत आत. तेलाचा चिखल झाला. अन् देवीले लुगडं उलटं नेसवलं यायनं! इतके वर्सं माय माही तशीच उभी!”

बाया फिसकन हसल्या. रंजितानं भिंतीला टेकवलेला झाडू चटकन उचलला आणि सासूजवळ गेली. महिनाभरानं सासूसाठी काही करायला मिळत होतं. हे देवाचं काम आहे, याचा तिला विसरच पडला.

जमनीनं तिच्या हातातून झाडू काढून घेतला.

“तू राहू दे. तू नाही मानत, तुले जबरदस्ती नाही,” ती म्हणाली आणि झाडू उत्तमसिंगपुढं धरला. “ज्याचा देव, त्यानं झाडावं. घे.”