परतीचं दृश्य

"हिचा गुडघा पुन्हा उलटा वळतोय. मेली चालतेय की बदकासारखी डुलतेय," ब्लाझेना काचेवर वाकून पुटपुटली.

द्राहोमिराने चिमट्याने कागदी मुलीचा पाय सरळ केला. दोघींच्या अंगात काळे कोट होते. कॅमेऱ्याखालच्या काचेत कपड्यांचं प्रतिबिंब उमटू नये म्हणून प्रागच्या त्या ॲनिमेशन स्टुडिओत सगळेच तसे कोट घालत. नवख्याला वाटावं, मयताला जमलेत.

चित्रपट एका परक्या ग्रहावरचा. तिथे माणसांच्या सावल्या जमिनीला शिवलेल्या असतात. रोज संध्याकाळी उंच, बिनतोंडाचे अधिकारी सुया घेऊन टाके तपासायला येतात. शेवटी एक मुलगी आपले टाके उसवते, सावलीचे पंख करते आणि उडून जाते.

आधी एवढंच होतं. मग कॉम्रेड वाव्रांनी ते पाहिलं. स्टुडिओवर पक्षाची नजर म्हणजे वाव्रा.

"मुलगी परत आली पाहिजे," ते म्हणाले. "स्वतःहून. आपल्या माणसांत. नाहीतर चित्रपट डब्यातच राहील, हे तुम्हालाही कळतं."

ते सगळ्यांना तुम्ही म्हणत. नववर्षाच्या पार्टीत रंगवाल्या ओताकरने पेला पुढे करून "आता एकमेकांना तू म्हणू या" म्हटलं, तर वाव्रांनी आपल्या पेल्यावर तळहात ठेवला होता.

म्हणून मुलगी परत येत होती. केसाएवढी सरकवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायची. उडताना झोकात उडालेली ती पोरगी उतरताना मात्र प्रत्येक सांध्यात अडत होती.

जूनमध्ये चित्रपट मंजूर झाला. फ्रान्समधल्या महोत्सवाला डबे घेऊन द्राहोमिरा जाणार होती, आठवड्यापुरती. देशाबाहेर जायचा परवाना वाव्रांच्या खिशात होता. तो ते गाडीतच देणार होते.

स्टुडिओत प्रत्येकाने तिला काहीतरी आणायला सांगितलं. कुणी कॉफी, कुणी साबण, ओताकरने चक्क छत्री.

"मला नायलॉनचे मोजे," ब्लाझेना म्हणाली. "माप विसरलीस तर ते भाचीच्या घशात जातील, सांगून ठेवते." आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं.

द्राहोमिराच्या खिडकीतलं रबराचं झाड ब्लाझेनाने आदल्या दिवशीच आपल्या घरी नेलं होतं. आठवडाभराकरता झाड कशाला हलवायचं, असं कुणीही विचारलं नाही.

ब्लाझेना द्राहोमिराला पोचवायला स्टेशनवर आली, तेव्हा वाव्रा आधीच येऊन थांबले होते.

"बॅग उघडा, कॉम्रेड."

तिने उघडली. कपडे बाजूला सारत त्यांचा हात तळापर्यंत गेला आणि लोकरीचं अस्तर लावलेले बूट घेऊन वर आला.

"जूनमध्ये?"

"माझे पाय गार पडतात," द्राहोमिरा म्हणाली.

"लहानपणापासून," ब्लाझेना घाईने म्हणाली. "शाळेत आम्ही हिला बेडूकच म्हणायचो."

वाव्रा हसले नाहीत. त्यांनी बूट काखेत मारले. द्राहोमिराने बॅगेला कुलूप लावलं. ब्लाझेनाने तिचा दंड धरला, तो सोडवेना.

"तुम्ही खालीच थांबा," वाव्रा ब्लाझेनाला म्हणाले. बॅग उचलून ते स्वतः द्राहोमिराबरोबर डब्यात चढले. बॅग त्यांनी वर फळीवर ठेवली. चित्रपटाचे डबे तिच्या पायाशी नीट लावले. मग तिच्यापुढे उभे राहिले, काखेत बूट तसेच. परवाना काही बाहेर निघेना.

गार्डाची शिट्टी झाली. बाहेर ब्लाझेना काचेवर हात ठेवून उभी होती.

वाव्रांनी खिशातून कागद काढला, द्राहोमिराच्या हातात दाबला आणि खिडकीकडे बघत, ओठ फारसे न हलवता म्हणाले,

"सीमेवर आधी बूटच बघतात. तिकडे नवे घे. आणि द्राहा, ती मुलगी आली तशी तू परत येऊ नकोस."