शेवटच्या चार ओळी

"बाजूला हो," दादा म्हणाला. "आज या ओळीही फवारून घ्यायच्या."

धाकटी हलली नाही. शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीच्या बारा ओळी होत्या. त्यातल्या शेवटच्या चार तिच्या. दादाच्या मागे फवारणीवाला पाठीवर पंप अडकवून उभा होता. तोंडाला फडकं, नजर जमिनीकडे. भावाबहिणीच्या भांडणात पडायची त्याला हौस नव्हती.

भांडण पांढऱ्या माशीवरून होतं. दादाच्या आठ ओळींवर दुकानातलं जहाल औषध पडायचं. धाकटी गवती चहाची पाती वाफेवर चढवून तेल काढायची, साबणाच्या पाण्यात घुसळायची आणि ऊन उतरलं की फवारायची. तेल लवकर उडून जायचं, म्हणून दर तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच खटाटोप. पंपाचा दांडा मारून मारून खांदा भरून यायचा.

"अत्तर लावून मिरची लग्नाला निघालीय काय?" दादा हसला. "पान उलटून बघ. माश्या आहेत अजून."

"आहेत. पण महिन्यापूर्वी होत्या त्याच्या निम्म्याच."

"माझ्या ओळींत एक तरी दाखव."

तिला दाखवता आली नसती. तेच तिला डाचत होतं. तरी ती ओळीच्या तोंडाशी पाय रोवून उभी राहिली.

"वाटणी तूच करून दिलीस," ती म्हणाली. "हंगाम संपेपर्यंत इथे विषाचा थेंब पडणार नाही. फवारायचंच असेल, तर आधी माझ्यावर फवारा."

दादाने फवारणीवाल्याला खूण केली. तो जागचा हलेना.

तेवढ्यात वहिनी टोपली घेऊन आत आली, घरच्या भाजीपुरत्या मिरच्या तोडायला. दाराशीच दादाच्या ओळी होत्या, चकचकीत, डागसुद्धा नसलेल्या मिरच्यांनी लगडलेल्या. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता ती सरळ टोकापर्यंत चालत आली आणि धाकटीच्या झाडांत वाकली.

"वहिनी, इतक्या लांब कशाला? दारातल्याच तोड की."

दादा एकदम जाळीकडे बघायला लागला.

"नको गं बाई, पोरांच्या पोटात जायचं असतं," मिरची खुडता खुडता वहिनी म्हणाली. "घरात फक्त तुझ्याच ओळीतलं आणायचं, असं यांनी पहिल्या तोडणीलाच बजावलंय मला."