ओइवाचा नेम

पहिली गोळी बरोबर मधोमध बसली. दुसरी चार बोटं डावीकडे. तिसरी आणखी डावीकडे, थोडी वर. चौथी वर्तुळाच्या पार बाहेर जाऊन पुठ्ठ्यावरच्या मूस हरणाच्या शिंगाला लागली.

"दुसऱ्यांदा नापास," दुर्बिणीवरचा डोळा न काढता रायमो म्हणाला. तो शिकारीच्या टोळीचा म्होरक्या, आणि आज परीक्षकही तोच.

"दिसतंय मला."

"दिसतंय का? तिथंच तर घोडं अडलंय."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला डोळ्यांवरून बोललेलं जरा जास्तच लागतं. ओइवानं खाली पडलेली रिकामी काडतुसं वेचून खिशात टाकली. गेल्या हंगामात त्याच्या गोळीनं हरणाची एक मादी पोटात जखमी झाली होती आणि कुत्र्यांना दोन दिवस तिचा माग काढावा लागला होता. तेव्हापासून टोळीतले लोक त्याच्याशी फार जपून बोलायचे. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आज नेमबाजीच्या परीक्षेचा शेवटचा रविवार. आज दाखला मिळाला नाही तर टोळीतली जागा गेली, आणि त्या मादीचं खापर कायमचं त्याच्या डोळ्यांवर.

"सर जरा," म्हणत रायमो स्वतःच रायफल घेऊन बसला. त्यानं चार गोळ्या झाडल्या. पहिली मधोमध. चौथी शिंगावर.

"च्यायला!" रायमो म्हणाला.

दोघांनी मग बाकावर जुनं फडकं पसरून रायफल आडवी ठेवली. रायफलीवरची दुर्बीण ओइवानं जूनमध्येच बदलली होती, काडतुसं जुलैत. सगळे स्क्रू घट्ट. मग राहिलं काय? रायमोनं गुणांच्या कागदाची एक पट्टी फाडली आणि नळी नि खालचं लाकूड यांच्यामध्ये सरकवली. ती सरळ शेवटापर्यंत जायला हवी होती. अर्ध्यात अडकली.

"दस्त्याचं लाकूड फुगलंय. नळी गार असते तोवर ठीक. तापली की लाकूड तिला रेटायला लागतं." त्यानं खालचे दोन स्क्रू काढले, नळी वेगळी केली आणि लाकूड नाकाशी धरलं. दोनदा हुंगलं. "ओइवा, हिला वाफेचा वास येतोय. बर्चच्या पानांचा. ही सौनात कुणी टांगली?"

मैदानाच्या कडेला कॉफीच्या टेबलामागं हिल्क्का उभी होती. ओइवाची बायको. परीक्षेच्या दिवशी कॉफी नि गोड पाव दरवर्षी तिच्याकडेच. सौना म्हणजे वाफेची न्हाणी; तिथं बर्चच्या डहाळ्यांनी अंग झोडून सगळ्यांची अंघोळ झाली की उरलेल्या उबेत ती काय काय वाळत घालायची: मोजे, अळंबी, कुत्र्याचं पांघरूण. गेल्या हंगामात पावसातून आलेला ओइवा बूट काढता काढताच झोपी जायचा, आणि सकाळी रायफल पुसलेली, कोरडी ठणठणीत असायची. कशी, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"मी टांगली," ओइवा म्हणाला.

रायमोनं त्याच्याकडे पाहिलं. मग कॉफीच्या टेबलाकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"पन्नास वर्षं शिकार केलेला माणूस रायफल सौनात टांगतो?"

"अक्कल चरायला गेली होती."

"टोळीला मला सांगावं लागेल. गेल्या वर्षीचं गालबोट पुसायचं तर खरं कारण सांगायला हवं. तुझ्या मयतालासुद्धा हसतील लेकाचे."

"हसू देत. माझं नाव सांग. आणि तिकडे बघू नकोस सारखा."

रायमो उठला. त्यानं मैदानावरच्या टपरीतून एक गोल काठी आणून तिला पॉलिश पेपर गुंडाळला आणि दोघं आळीपाळीनं लाकडाची खाच घासत बसले. अर्धा तास गेला. नळी पुन्हा बसवली तेव्हा पट्टी अलगद आरपार गेली. दुर्बिणीचा स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून नेम जुळवला आणि ओइवा तिसऱ्यांदा परीक्षेला बसला.

चारही गोळ्या बशीएवढ्या जागेत. ओइवाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, त्याला फार बरं वाटलं. रायमोनं दाखल्यावर सही ठोकली.

भुरभुर पाऊस सुरू झाला होता. हिल्क्का दोन कप घेऊन आली.

"झालास एकदाचा पास! काय निघालं रे तिच्यात?"

"दस्त्याचं लाकूड फुगलं होतं."

"कशानं?"

रायमो उगाच खोकला.

"जुनं झालंय," ओइवा म्हणाला. "जुन्या लाकडाचं काय सांगावं."

"अगंबाई! आणि मी वर्षभर तुझ्यामागं लकडा लावला, डोळे तपास म्हणून. चुकलंच माझं."

"तुझं काहीएक चुकलेलं नाही," ओइवा म्हणाला. जरा मोठ्यानंच म्हणाला.

पाऊस वाढला. हिल्क्कानं कप बाकावर ठेवले आणि रायफलीकडे हात पुढं केला.

"आण इकडे, भिजतेय ती. घरी सौना तापवलीच आहे. वाळत घालते."

ओइवानं अंगातला कोट काढला, रायफल टोकापासून दस्त्यापर्यंत त्यात गुंडाळली आणि नुसत्या सदऱ्यावर गाडीकडे चालू लागला.

"अरे वेड्या, तू भिजतोयस!" हिल्क्का मागून ओरडली.

"मग मला वाळत घाल," ओइवा म्हणाला.