कपाटातला बाँड

"दोन वर्षं होवाना आधी नोकरी सोडशी, तर लाख रुप्या भरना पडतीन," नवनीतशेठ म्हणाले. "बाँड मन्हा कपाटमा शे."

"मंग त्यानी एक कॉपी तरी द्या, शेठ," जागृती म्हणाली.

"तुले कॉपी कसाले?" शेठ हसले.

विसरवाडीच्या हमरस्त्यावर शेठचा मिरची पावडरचा कारखाना. जागृती तिथं बिलं करायची, आणि सात महिने पगाराच्या नावानं ठणठणगोपाळ. तिचा बाप हिलाल तिथंच चक्कीवर. बाँड झाला तेव्हा साक्षीदार म्हणून शेठनी त्यालाच हाक मारली होती. हातसुद्धा धुवू दिले नव्हते.

पुढं हिलालचाही पगार थकला. तो नंदुरबारला कामगार कार्यालयात गेला. साहेबांसमोर शेठ कसले साळसूद! "कोण हिलाल? मी ओळखतसुद्धा नाही." साहेबांनी कागद मागितला. हिलालकडे कागद कुठला? ना हजेरी, ना चिठ्ठी. बारा वर्षं मिरचीनं हात भाजून घेतलेला माणूस मान खाली घालून घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही. जागृतीच्या डोक्यात तेव्हाच तिडीक गेली.

सोमवारी तिनं नोकरी सोडली. सोडली कसली, वाजतगाजत सोडली! समोरच्याच राजेंद्रभाऊंच्या गोडाऊनवर रुजू झाली. वर शेठच्या दारात उभी राहून सगळ्यांदेखत ओरडली, "त्या बाँडमा मिरचीन्या पुड्या बांधा! हिंमत व्हई, तर काढा त्याले भाईर!"

शेठचा चेहरा लालबुंद झाला.

हिलालनं कपाळावर हात मारला. "पोरी, त्याले कसाले डिवचस? लाख रुप्या कोठून आनशी?"

जागृती भाकरी थापत राहिली.

आठव्या दिवशी वकिलाची नोटीस आली. लाख रुपये भरा, नाहीतर कोर्टात खेचू. सोबत बाँडची झेरॉक्स. "शेठना पाय धरी लेऊ," हिलाल म्हणाला.

"बाबा, चप्पल घाल," जागृती म्हणाली. "नंदुरबार जावानं शे."

साहेबांच्या टेबलावर तिनं कागद पसरला. पहिल्या पानावर शेठची सही, शिक्का आणि तिचा ठरलेला पगार. शेवटच्या पानावर न धुतलेल्या बोटांचे काळपट डाग, आणि त्याखाली शेठच्याच अक्षरात: 'साक्षीदार हिलाल, आमच्या कारखान्यात चक्कीवर, नोकरी बारा वर्षे.'