बारावा सभासद

रविवारी सकाळी अकराला त्र्यंबकराव देवपुजारींनी स्क्रीन सुरू केला, तेव्हा नेहमीचे अकराही सभासद हजर होते. फक्त प्रत्येकाच्या चेहऱ्याखाली आज एक हिरवी पट्टी होती: 'ही व्यक्ती संगणकाने तयार केलेली आहे.' तसं सांगणं आजपासून कायद्याने सक्तीचं झालं होतं.

त्र्यंबकरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नऊ वर्षं दर रविवारी हे बाराजण एका गुप्त मंडळाचा माग काढत होते. आपलं आयुष्य कुणीतरी पडद्याआडून ठरवतं, यावर त्यांचं एकमत होतं. सगळ्या जगावर संशय घेताना त्र्यंबकरावांनी या अकराजणांवर मात्र कधी घेतला नव्हता. त्यांच्यातल्या खासनीस बाईंना तर त्यांनी बायकोचं शेवटचं पत्रही वाचून दाखवलं होतं.

त्यांची मुलगी मृणाल चहा घेऊन आली आणि स्क्रीनकडे बघून दारातच थांबली.

"कुणी केलं हे?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"आई गेल्यावर तुम्ही कुणाशी बोलतच नव्हता, बाबा. डॉक्टरांनी सुचवलं, मग मी आणि दादाने ठरवलं."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"घरात सगळ्यांना." ती कपाकडे बघत म्हणाली, "शेजारच्या काकूंनाही."

"देवपुजारी साहेब," स्क्रीनवरून खासनीस बाईंनी हाक मारली, "आज काही नवीन हाती लागलं का?"

नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्र्यंबकरावांजवळ नावानिशी पुरावा होता, आणि तो सांगायला एकही माणूस नव्हता.